संपर्क तुटला तर गाडी काय करेल? वायरलेस डीसीसी निवडण्याआधी

मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या एका वाचकाने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याजवळचं चिरेबंदी घर. ओटीवर १२ बाय ४ फुटांचा एचओ (खऱ्याच्या १/८७ मापाचा) लेआउट, कोकण रेल्वेच्या धर्तीवर एकेरी मार्ग, वाटेत दोन स्टेशनं. सध्या सगळं साध्या डीसी कंट्रोलरवर चालतं. दोन डिझेल इंजिनं आहेत, तिसरं येऊ घातलंय. गणपतीत मुंबईहून भाऊ-पुतणे येतात आणि प्रत्येकाला गाडी चालवायची असते. म्हणून वायरलेस डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे एकाच रुळावरची प्रत्येक गाडी वेगळी चालवायची पद्धत) घ्यायचं ठरलंय. झेड२१ घ्यावं, एनसीई, डिजिट्रॅक्स, की अर्डुइनोवर घरी जुळवायचं डीसीसी-ईएक्स? रेंज कुणाची चांगली? मोबाईलवर चालवावं की खरा हँडसेट घ्यावा?

रेंजचं आधी सांगून टाकतो. १२ फुटांच्या टेबलाला रेंज सगळ्यांचीच पुरते. जाहिरातीत ३०० फूट लिहिलंय की १००, यावरून तुमच्या ओटीवर काहीच ठरत नाही. दुकानदाराला आणि स्वतःला विचारायचा प्रश्न दुसराच आहे: गाडी चालू असताना हँडसेटचा संपर्क तुटला, तर गाडी थांबते की चालतच राहते? माझ्या मते निवड या प्रश्नावर करायची. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतात.

हा प्रश्न का पडतो ते कळायला डीसीसीत नेमकं काय कशावरून जातं ते नीट पाहू. डीसी कंट्रोलरमध्ये रुळातला व्होल्टेज वाढवला की गाडी पळते, कमी केला की मंदावते, म्हणून रुळावरच्या सगळ्या गाड्या एकदमच हलतात. डीसीसीत रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतो, एचओला साधारण १४-१५ व्होल्ट. त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते आणि त्या उलटण्याच्या लांबीतच आज्ञा लिहिलेली असते. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘एक’, १०० किंवा त्याहून लांब असेल तर ‘शून्य’. इंजिनातला डेकोडर हे वाचतो, आपला पत्ता आला की तेवढी आज्ञा पाळतो. अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेने जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून हे मानक १९९० च्या दशकात ठरवलं. म्हणून आजही एका कंपनीचं कमांड स्टेशन (रुळात आज्ञा सोडणारी पेटी) दुसऱ्या कंपनीचा डेकोडर बिनदिक्कत चालवतं.

म्हणजे वायरलेस आहे तो फक्त हँडसेटपासून कमांड स्टेशनपर्यंतचा तुकडा. तिथून पुढे इंजिनापर्यंत तार, रूळ आणि चाकं. कमांड स्टेशन शेवटची आज्ञा पुन्हा पुन्हा रुळात सोडत राहतं: ‘इंजिन ३, पुढे, वेगाची पायरी २०’. वेगळी सोय नसेल तर हँडसेट मेला तरी कमांड स्टेशनला त्याची खबर नसते. ते बिचारं इमानाने तेच सांगत राहतं आणि गाडी त्याच वेगात पुढे जाते. जुन्या, तारेच्या हँडसेटांच्या प्रणालींत तर हे मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं. एका खोबणीतून प्लग काढा, गाडीबरोबर चालत पुढे जा, दुसऱ्या खोबणीत लावा; मधल्या वेळात गाडी चालूच. मोठ्या लेआउटवर ते सोयीचं. तुमच्या टेबलावर १२ फुटांनी वळण आहे आणि वळणापलीकडे क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, उभी असलेली दुसरी गाडी.

माझ्याकडे हे गणपतीतच घडलं. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची आरती. ओटीवर तीसेक माणसं, मखराशेजारी लेआउट. कमांड स्टेशन आणि राउटर दोन्ही टेबलाखाली ठेवलेले, दिसू नयेत म्हणून वर चादर सोडलेली. भाच्याच्या हातात हँडसेट होता. आरती सुरू झाली तशी माणसं पुढे सरकली आणि हँडसेट व राउटर यांच्यामध्ये माणसांची भिंत उभी राहिली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचं शरीर बहुतेक पाणीच. भाच्याने वेग शून्यावर आणला, गाडी काही थांबली नाही. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. गाडी स्टेशनात शिरली आणि लूपवर (बाजूच्या रुळावर) उभ्या असलेल्या रो-रोच्या, म्हणजे ट्रक वाहणाऱ्या गाडीच्या, रेकला मागून धडकली. दोन वॅगनचे कपलर (डबे जोडणारे आकडे) मोडले, तिसरी खाली फरशीवर गेली. तो पोर त्या दिवशी पुन्हा हँडसेटला हात लावेना. चूक त्याची नव्हती. चूक जागा निवडणाऱ्याची होती, म्हणजे माझी. आणि मी घेताना हा प्रश्न विचारलाच नव्हता.

त्यानंतर मी राउटर ओटीच्या तुळईवर नेला, माणसांच्या डोक्यांच्या वर. तेवढ्याने निम्मा त्रास गेला. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसंच करा. आणखी एक, जांभ्याची भिंत. चिऱ्याची दीड फुटी भिंत उन्हाळ्यात जेवढे सिग्नल सोडते तेवढे ती श्रावणात सोडत नाही, कारण तोवर तिने पाऊस प्यायलेला असतो. माजघरातला घरचा राउटर मे महिन्यात ओटीवर छान पोचतो, म्हणून त्याच्यावरच गाड्या चालवायचं ठरवाल तर गणपतीत फसाल. गाड्यांसाठी वेगळा छोटा राउटर ठेवा, त्याच खोलीत, इंटरनेट न जोडता. त्याचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजारीपाजारी कमी वापरात असेल तो पक्का करून टाका, ‘ऑटो’वर सोडू नका. दोन्ही पट्टे एकाच नावाने देणारा राउटर असेल तर २.४ चं नाव वेगळं करा, कारण स्वस्त वायफाय चिपा ५ गिगाहर्ट्झ ओळखत नाहीत. आणि पाहुण्यांना त्याचा पासवर्ड देऊ नका. ओटीवर येणारा प्रत्येक चाकरमानी पहिल्यांदा वायफाय विचारतो.

आता मूळ प्रश्नाकडे. संपर्क तुटल्यावर काय होतं, हे प्रणालीप्रमाणे बदलतं. मोबाईलवरून चालवायच्या बहुतेक व्यवस्था ‘वायथ्रॉटल’ या बोलीत बोलतात. तिच्यात हृदयाच्या ठोक्यांसारखी सोय आहे. फोन दर थोड्या सेकंदांनी ‘मी आहे’ म्हणून कळवत राहतो. साधारण १० सेकंद त्याचा आवाज आला नाही, तर कमांड स्टेशन त्या फोनच्या ताब्यातली इंजिनं स्वतःहून थांबवतं. डीसीसी-ईएक्समध्ये ही सोय आहे, जेएमआरआय या मोफत सॉफ्टवेअरच्या वायथ्रॉटल सर्व्हरमध्येही आहे. १० सेकंदांत गाडी कितीतरी पुढे जाते हे खरं, पण निदान फेऱ्यांमागून फेऱ्या मारत नाही. कंपन्यांच्या स्वतःच्या रेडिओ हँडसेटमध्ये मात्र प्रत्येकाची रीत निराळी. काहींत ही वेळ ठरवता येते, काहींत गाडी चालूच राहते.

म्हणून पुस्तिकेवर विसंबू नका, हाताने तपासा. गाडी रिंगणात हळू सोडा, वेगाच्या २८ पायऱ्यांपैकी पाचव्या-सहाव्या पायरीवर. मग हँडसेट स्वयंपाकघरातल्या मोठ्या स्टीलच्या डब्यात घाला, झाकण घट्ट लावा आणि मोजा. पातळ पत्रा असला तरी स्टील रेडिओ चांगला अडवतं. एवढ्यानेही संपर्क टिकला तर बॅटरी काढा, फोन असेल तर एअरप्लेन मोड लावा. किती आकड्याला गाडी थांबली? थांबलीच नाही? आणि झाकण उघडल्यावर काय झालं: हँडसेटने इंजिन परत आपणहून पकडलं, की पत्ता पुन्हा घालावा लागला? मित्राकडे असलेली प्रणाली पाहायला जाल तेव्हाही डबा घेऊन जा. पाच मिनिटांची ही चाचणी मला दहा परीक्षणं वाचण्यापेक्षा जास्त सांगून जाते.

आणि काहीही घेतलं तरी टेबलाच्या कडेला, मुलांचा हात पोचेल तिथे, रुळांचा पुरवठा तोडणारं एक मोठं लाल बटण तारेने जोडून ठेवा. वायरलेस नको, तारेचंच.

आता रेडिओच्या पट्ट्याचं, कारण इथे आपल्याकडचे लोक परदेशातून मागवताना चुकतात. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा उपकरणांना मोकळा आहे. म्हणून एनसीईचा अमेरिकी रेडिओ ९१६ च्या आसपास बोलतो, डिजिट्रॅक्सचे जुने एकमार्गी रेडिओ हँडसेटही तिथलेच. आपल्याकडे ९०० च्या आसपासची जागा मोबाईल सेवेला दिलेली आहे. तिथे परवान्याशिवाय काही सोडणं नियमात बसत नाही, आणि बाजूला मोबाईलच्या टॉवरचा गोंगाट असताना ते नीट चालेल याचीही खात्री नाही. नातेवाइकाने अमेरिकेतून स्वस्तात आणून दिलेला सेट असला तर आधी मागची पट्टी वाचा. २.४ गिगाहर्ट्झ आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना मोकळा आहे. वायफाय तिथेच, डिजिट्रॅक्सचे नंतरचे दुमार्गी हँडसेटही तिथेच. दुमार्गी याचा अर्थ कमांड स्टेशन हँडसेटला ‘मिळालं’ म्हणून उत्तर देतं. एकमार्गीत तुम्ही सांगून मोकळे होता, पोचलं की नाही ते कळत नाही. दुमार्गीच घ्या.

फोन की हँडसेट? माझं उत्तर दोन्ही, पण फोन कुठला ते महत्त्वाचं. रोजच्या वापरातला फोन नको. मध्येच कॉल येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे फोनला कळतं की या वायफायवर इंटरनेट नाही, मग तो आपणहून मोबाईल डेटाकडे वळतो. गाडी वाऱ्यावर. घरात पडलेले जुने अँड्रॉइड फोन काढा, सिम काढून टाका, त्यावर ‘इंजिन ड्रायव्हर’ हे मोफत ॲप घाला. आवाजाच्या दोन बटणांवर वेग कमीजास्त करायची सोय त्यात आहे, ती चालू करा. काचेवर बोट सरकवताना नजर फोनवर ठेवावी लागते. बटणं बोटांना कळतात, नजर गाडीवर राहते. शंटिंग करताना हा फरक फार मोठा आहे: कपलरला कपलर हळूच टेकवायचा असतो तेव्हा एक क्षण खाली पाहिलं तरी वॅगन ढकलली जाते. म्हणूनच एक तरी गोल नॉबचा खरा हँडसेट घरात असावा. तो घेताना नॉब कशावर फिरतो ते विचारा. साधा पोटेन्शिओमीटर (जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा) असेल तर आपल्या खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत तो खरखरतो आणि वेग आपणहून उड्या मारतो. अखंड फिरणारा एन्कोडर जास्त टिकतो, हा माझा अनुभव.

आता तुमच्या चार नावांबद्दल. डिजिट्रॅक्स आणि एनसीई दोन्ही दणकट, वर्षानुवर्षं चालणाऱ्या प्रणाली आहेत. मोठे क्लब त्यांच्यावर उभे आहेत. पण तुमच्या टेबलाला त्यांची ताकद लागत नाही आणि काही बिघडलं तर दुरुस्तीला पेटी समुद्रापार पाठवावी लागते. एखाद्याकडून जुनं एनसीई पॉवर कॅब (त्यांचा तारेच्या हँडसेटचा छोटा संच) चांगल्या भावात मिळत असेल तर जरूर घ्या. ते तारेवर चालवा आणि वायरलेससाठी संगणक किंवा रास्पबेरी पायवर जेएमआरआय लावून फोन जोडा. रेडिओच्या भानगडीत पडायचं कारण नाही.

रोकोचं काळं झेड२१ हे पेटी उघडून जोडायचं आणि चालवायचं अशांसाठी मला सर्वांत बरं वाटतं. सोबत त्याचा राउटर येतो, तीन अँपिअरच्या थोडा वर प्रवाह देतं, रुळातला व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून ठरवता येतो, आणि वायफायवर चालणारा नॉबचा हँडसेट मिळतो. फक्त पांढरं, लहान झेड२१ घेताना सावध. काही स्टार्टर सेटमधल्या पेटीत वायफाय कुलूपबंद असतं आणि ते उघडायचा कोड वेगळा विकत घ्यावा लागतो. तो खर्च धरूनच तुलना करा.

पण तुम्ही लिहिलंय की मोठा पुतण्या डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स करतोय. मग माझं मत डीसीसी-ईएक्सकडे झुकतं. अर्डुइनो मेगा, त्याच्यावर मोटर शील्ड (रुळांना वीज देणारी वर बसणारी पाटी), एक वायफाय चिप आणि चांगला अडॅप्टर. सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. काही जळलं तर तेवढाच तुकडा बदलायचा, आठवड्यात गाडी परत रुळावर. सॉफ्टवेअर मोफत आहे, डेकोडर प्रोग्रॅम करायला वेगळा ट्रॅकही ते देतं. दोन गोष्टी पुतण्याला आवर्जून सांगा. एक, मूळ मोटर शील्डच्या पाठीवर ‘व्हीआयएन कनेक्ट’ नावाचा बारीक जोड असतो, तो ब्लेडने कापायचाच. नाहीतर रुळांसाठीचे १५ व्होल्ट मेगाच्या अंगावर जातात. कापल्यावर मल्टिमीटरने तपासायचं, डोळ्यांवर विश्वास नाही. दुसरं, या शील्डमधली एल२९८ चिप सुमारे दोन व्होल्ट स्वतः खाते आणि तापते. अडॅप्टर १५ व्होल्टचा घेतला तर रुळात तेराएक येतात, ते एचओला पुरे. प्रवाह मात्र दीड अँपिअरपर्यंतच धरून चाला. आवाजाशिवायचं आजचं इंजिन चालताना पाव ते अर्धा अँपिअर घेतं, म्हणजे तुमची तीन इंजिनं बसतात. आवाजाचे डेकोडर आणि दिव्यांचे डबे वाढले की मोठा बूस्टर (रुळांना जास्त प्रवाह देणारी पेटी) लागेल. या वायफाय चिपवर एका वेळी चार-पाच फोन जोडा, त्याहून जास्त नाही. तुमच्या एकेरी मार्गावर एका वेळी दोन चालक आणि एक स्टेशनमास्तर, एवढीच माणसं खऱ्या अर्थाने कामाची असतात.

आणि हाच खेळ खरा आहे, त्यावर दोन ओळी लिहितोच. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. आजही रोहा-वीरचा तुकडा सोडला तर तो एकेरीच आहे. म्हणून तिथे सगळं क्रॉसिंगवर चालतं. कुणाला लूपला घ्यायचं, कुणाला सरळ सोडायचं, हा रोजचा हिशोब. डीसीवर ते करायला रुळांचे तुकडे पाडून स्विच फिरवत बसावं लागतं, म्हणजे चालक स्विचचा चालक होतो. डीसीसीवर एका पुतण्याकडे मांडवी एक्स्प्रेस, दुसऱ्याकडे रो-रो, तिसरा सांधे बदलणारा. दोन गाड्या समोरासमोर येतात, एक लूपला जाते, आणि तिघांना एकमेकांशी बोलल्याशिवाय चालत नाही. वायरलेसचा खरा उपयोग इथे: चालक गाडीबरोबर टेबलाभोवती फिरतो, कुणाची तार कुणाच्या पायात येत नाही. लहान मुलांच्या इंजिनाला मी डेकोडरच्या सीव्ही ५ या सेटिंगमध्ये कमाल वेग अर्ध्यावर बांधून देतो. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, तसंच इथेही चालतं असं त्यांना सांगितलं की तक्रार येत नाही.

आता ज्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घेणार आहे ते: रूळ आणि तारा. तुम्ही लिहिलंय की गाडी मधूनमधून अडते, हाताने टिचकी मारली की पुढे जाते. डीसीवर हे खपून जातं. डीसीसीवर तेच अडणं म्हणजे डेकोडर बंद पडून पुन्हा सुरू होणं, दिवा लुकलुकणं, आवाज तुटणं. आणि लोक त्याचं खापर वायरलेसवर फोडतात. माझ्याकडे ‘रेंज येत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींत बहुतेक वेळा दोष हवेत नव्हता, रुळाच्या सांध्यात होता. समुद्रापासून दोन किलोमीटरवरच्या घरात मिठाचा थर कशावर बसत नाही? पितळी रूळ असतील तर आताच बदला. त्यांच्यावरचा गंज वीज अडवतो. निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्या. तेही काळवंडतात, पण तेवढे अडवत नाहीत.

रुळांना जोडणाऱ्या जॉइनरवर विजेसाठी विसंबू नका. पहिल्या वर्षी घट्ट असतात, दुसऱ्या मिरगाला आत हिरवा थर धरतो. टेबलाखालून २.५ चौरस मिलिमीटरच्या घरगुती तांब्याच्या तारेची एक जोडी फिरवा, लाल आणि काळी. दर तीन फुटांवर तिच्यातून बारीक फीडर (जोडतार) वर काढून रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करा. फीडर अर्धा चौरस मिलिमीटरचा चालतो, पण वीतभरापेक्षा लांब नको. तुमच्या रिंगणाला दहा-बारा जोड्या लागतील, लूपला आणखी दोन. फीडर आणि जाड तार यांचा जोड पिळून चिकटपट्टी लावलेला नको. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी. स्क्रूचे टर्मिनल वापरायचेच असतील तर कल्हई केलेल्या तारेचे, कारण उघडं तांबं स्क्रूखाली हिरवं पडतं आणि बाहेरून काही दिसत नाही. मी एकदा अशी एक पट्टी उघडली होती. स्क्रू घट्ट, तार जागेवर, आणि ओढल्यावर तिचे धागे बोटात चुरा होऊन आले.

हे झालं की नाण्याची परीक्षा. कमांड स्टेशन चालू ठेवा, पाच रुपयांचं नाणं घ्या आणि टेबलावर फीडरपासून लांबात लांब जागी दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. स्टेशनने त्या क्षणी पुरवठा तोडला पाहिजे. फूटभर पुढे सरका, पुन्हा. जिथे नाणं टेकवूनही पुरवठा तुटत नाही, तिथे तारेत अडथळा आहे. तिथे एखादा डबा रुळावरून घसरला तर तीन अँपिअर त्याच्या चाकातून वाहत राहतील आणि प्लॅस्टिकची बोगी वितळेल. म्हणूनच बारा फुटांना पाच अँपिअरचा बूस्टर घेऊ नका, कुणी फुकट दिला तरी.

रूळ पुसायला सुती फडकं आणि आयसोप्रोपाईल अल्कोहोल. पॉलिश पेपर अजिबात नाही. त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत घाण आणखी घट्ट बसते. इंजिनाची चाकंही विसरू नका. फडक्यावर अल्कोहोल टाकून रुळावर आडवं धरायचं, इंजिनाची एक बोगी त्यावर, दुसरी रुळावर, आणि हळू वेग द्यायचा. काळ्या रेघा फडक्यावर उमटतात. डेकोडरला ‘कीप-अलाइव्ह’ कपॅसिटर जोडायला जागा असेल तर जोडा. घाणीवरून इंजिन सेकंदभर निघून जातं. पण त्याची एक बाजू लक्षात ठेवा: लाल बटण दाबल्यावरही इंजिन तो सेकंद चालतंच.

कुणी सांगेल की हे सगळं टाळा, इंजिनात बॅटरी आणि रेडिओ घाला, रुळात वीजच नको. अंगणातल्या मोठ्या जी स्केलला ते उत्तम आहे. तुमच्या एचओ डिझेलच्या पोटात तेवढी जागा काढायची तर वजन काढावं लागतं, आणि वजन गेलं की ओढ गेली.

विजेचं. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा दिवे जातात. दिवे येताना राउटर उठायला मिनिटभर घेतो, स्टेशन त्याच्या आधी उठतं, हँडसेट त्या मधल्या वेळात हरवलेला असतो. कमांड स्टेशन आणि राउटर एकाच इन्व्हर्टरवर घ्या, शुद्ध साइन वेव्हच्या. आणि प्रत्येक डेकोडरमध्ये सीव्ही २९ पाहा. नव्या डेकोडरमध्ये तिथे बहुधा ६ असतं. त्यातले ४ म्हणजे ‘साधी डीसी मिळाली तरी चाल’ अशी परवानगी. वीज येता-जाता क्षणभर रुळात नुसता डीसी गेला तर इंजिन त्या परवानगीवर पूर्ण वेगाने सुटतं. ६ च्या जागी २ लिहा. मोठा चार आकडी पत्ता वापरत असाल तर ३८ च्या जागी ३४. सगळं डीसीसीवर गेल्यावर त्या परवानगीचा तुम्हाला काही उपयोग नाही.

आगोटीच्या कामांत हेही धरा: हँडसेटमधल्या बॅटऱ्या काढून ठेवणे (साध्या अल्कलाइन बॅटऱ्या दमट हवेत गळतात आणि स्प्रिंगा खातात), इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात, आणि अडॅप्टरचे प्लग भिंतीतून बाहेर. नुसता स्विच बंद करून भागत नाही. गणपती झाल्यावर ऑक्टोबरच्या दुपारी गडगडाट सुरू होतो, तेव्हाही प्लग बाहेर. टेलिफोनच्या तारेतून किंवा केबलमधून येणारी वीज राउटर घेऊन जाते, म्हणून गाड्यांचा राउटर इंटरनेटला जोडू नका म्हटलं त्याचं हे दुसरं कारण.

काहीही मागवण्याआधी एक मोजमाप घ्या. तुमची दोन इंजिनं एकेक करून डीसीवर १२ व्होल्टला लावा, मल्टिमीटर अँपिअरवर, मालिकेत जोडलेला. इंजिन वरून हाताने दाबून चाकं पूर्ण थांबवा, दोन सेकंदच, आणि आकडा वाचा. अडलेल्या मोटरचा हा प्रवाह डेकोडरच्या क्षमतेच्या आत हवा. एचओचे बरेच डेकोडर एक अँपिअरचे असतात. आकडा त्याच्या वर गेला तर मोठा डेकोडर. मग इंजिनाची टोपी काढून आत पाहा: आठ पिनांची किंवा २१ पिनांची खोबण आहे का? असेल तर त्याच जातीचा डेकोडर बसतो. नसेल तर मोटरच्या दोन्ही ब्रशांपैकी कुठलाही चेसिसच्या धातूला टेकलेला नाही ना, ते मल्टिमीटरने पाहावं लागेल. टेकलेला असेल तर आधी तो सोडवायचा, नाहीतर पहिल्याच क्षणी डेकोडर जातो. हे दोन आकडे आणि टोपीखालचा एक फोटो पाठवलात तर कुठला डेकोडर घ्यायचा ते नेमकं सांगता येईल.